शेवटच्या खाचेतला पाहुणा

प्रयोगशाळेत तिला सगळे पुन्हाताई म्हणत. खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं. यंत्रावरून आकडे उतरले, तिने ते पाहिले, मान जराशी तिरकी केली, की पुढे काय येणार ते अख्ख्या मजल्याला पाठ होतं. "पुन्हा एकदा लावा." आकडे वाईट आले तर पुन्हा, आणि चांगले आले तर इतके चांगले आलेच कसे म्हणून पुन्हा. यंत्र सांभाळणाऱ्याला सगळे भट्टीवाला म्हणत, कारण त्याच्या यंत्रातली ज्योत सूर्याच्या अंगापेक्षा गरम असते असं तो येईल त्या पाहुण्याला सांगायचा. तो म्हणायचा, "ताई, तुम्ही जन्मलात तेव्हा डॉक्टरलासुद्धा म्हणाला असाल, नीट बघा, मुलगीच आहे ना."

ती हसायची. पण भीती खरी होती आणि आजकालची नव्हती. तिची आई लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होती. ड्यूटी संपवून घरी आली की चपला काढायच्याही आधी ती मुलीच्या कपाळाला हात लावायची. कुणाच्या मुलाने काय गिळलं, कुणाला कुठल्या अवस्थेत आणलं, हे तिने घरात कधी सांगितलं नाही. फक्त द्राक्ष दिलं तर उभं चिरून द्यायची, शेंगदाणा दिला तर कुटून, आणि दूध आधी स्वतः घोटभर पिऊन. आई नेमकी कशाला घाबरते ते मुलीला कधी कळलं नाही, म्हणून ती सगळ्यालाच घाबरायला शिकली.

कॉलेजात तिने संख्याशास्त्र घेतलं. मैत्रिणींना वाटलं, हिला गणित आवडतं. तिला आवडायचं ते वेगळंच होतं. घरात भीती धुरासारखी पसरलेली असायची. इथे तिला माप मिळत होतं. अमुक गोष्ट घडायचा संभव किती, हे कागदावर मांडता आलं की तिला त्या दिवशी झोप लागायची.

नोकरी लागली ती टायरच्या दुकानावरच्या तिसऱ्या मजल्यावर, खाण्याचे पदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. तिच्या वाट्याला आला मध. डोंगरातल्या मधाला बाजारात मान होता, त्यामुळे बाजारातली प्रत्येक बाटली डोंगरातलीच असायची. खरी कुठली आणि खोटी कुठली ते ठरवायचं काम या मजल्यावर चाले. जमिनीत जे धातू असतात ते झाडात चढतात, झाडातून फुलात, फुलातून माशीच्या पोटात. म्हणून चमचाभर मध आम्लात विरघळवून भट्टीवाल्याच्या ज्योतीत सोडला की पोटॅशियम, मँगनीज, रुबिडियम, स्ट्रॉन्शियम, अशी तीसेक धातूंची यादी निघायची, प्रत्येकासमोर त्याचं प्रमाण. त्या यादीकडे नुसतं बघून ब्रह्मदेवालाही काही कळलं नसतं. पुन्हाताई त्या आकड्यांवर गणित चालवून सगळ्या नमुन्यांचा एकच आलेख काढायची. त्यावर प्रत्येक मधाचा एक ठिपका. परक्या ठिकाणी एकाच गावची माणसं जशी शोधत शोधत एका बाकावर येऊन बसतात, तसे एका मातीतले ठिपके एकमेकांजवळ येऊन बसायचे. डोंगरातल्या मधांचा असा एक दाट पुंजका होता. नवा ठिपका त्यात पडला तर डोंगरातला, नाही तर बाहेरचा.

या मजल्यावर एक पद्धत होती. नमुने ठेवायच्या तबकाला खाचा असत, आणि शेवटची खाच बहुधा रिकामी राहायची. रिकामी खाच यंत्रात घालणं म्हणजे जेवणाच्या पंगतीत एक पान मोकळं ठेवण्यासारखं, असं भट्टीवाल्याचं म्हणणं. म्हणून त्या खाचेत कुणीतरी घरून आणलेला मध जायचा. त्याला पाहुणा म्हणत. पाहुण्याचा अहवाल निघत नसे, त्याची नोंद कुठे जात नसे. आलेख आला की सगळे चहाचे कप घेऊन पडद्याभोवती जमायचे आणि पाहुणा कुठल्या घरचा, कुठल्या दुकानातला, यावर पैजा लागायच्या. मोठ्या बाई, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, हे बघून न बघितल्यासारखं करायच्या.

पुन्हाताईने पाहुणा कधी आणला नव्हता. तिच्याकडे आणण्यासारखा मध होता, चांगला मोठी बरणीभर. तिचा दीर डोंगरात राहून माशांच्या पेट्या सांभाळायचा आणि दर हंगामात थोरल्या भावाकडे मध पाठवायचा. तिची लेक टिल्ली, वय बालवाडीचं आणि आवाज मोटारीच्या भोंग्याचा, रोज सकाळी एक चमचा मध चाटायची आणि चमचा उलटा करून म्हणायची, "पुन्हा!" तेव्हा नवरा म्हणायचा, "घ्या. खाण तशी माती." नवरा चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचा आणि बोलताना समोरच्याकडे किंचित डोळे बारीक करून बघायचा, जणू तिथेही नंबर चुकलाय.

"ताई, एकदा दिराचा मध आणा की," भट्टीवाला कितीदा म्हणाला. "डोंगराच्या अगदी मधोमध पडेल. आम्हाला पण कळू द्या खरा मध दिसतो कसा."

शेवटी तिने छोट्या बाटलीत आणला. खरं म्हणजे थोडी मिरवायला आणला.

आलेख उघडला. सगळे डोंगराच्या पुंजक्यात बघत होते. पाहुणा तिथे नव्हता. तो पार कडेला, एकटाच, दुसऱ्या कुठल्याही पुंजक्याच्या जवळपासही नसलेला, पानाच्या टोकाला पडला होता. खाली संगणकाने आपला निकाल दिला होता: बाहेरचा.

मग भट्टीवाल्याने कपातला चहा संपवून विचारलं, "ताई, तुमचे दीर माशा कुठल्या दुकानात पाळतात?"

हशा पिकला. तीही हसली. तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते, आता ती म्हणणार म्हणून. एकाने तर बोटं मोजत वाट बघायचं नाटक केलं. पण त्या दिवशी, नोकरीला लागल्यापासून बहुधा पहिल्यांदाच, तिने पुन्हा लावा म्हटलं नाही. परक्याचा मध असता तर म्हणाली असती. घरचं खोटं दोनदा कोण उघडं करून बघतं? तिने पडदा बंद केला.

घरी तिने विषय काढला तो टिल्ली झोपल्यावर नाही, जेवतानाच, कारण तिला राहवेना.

"तो मध बाहेरचा आहे."

"बाहेरचा म्हणजे? घरात कुठे माशा आहेत आपल्या?"

"म्हणजे डोंगरातला नाही. भाऊजींच्या पेट्यांतला नाही. आलेखात पार टोकाला पडला."

नवऱ्याने घास खाली ठेवला. "माझा भाऊ लहानपणी बक्षिसात मिळालेली गोळीसुद्धा अर्धी चोखून उरलेली माझ्यासाठी आणायचा. तो मला दुकानातला मध बरणीत भरून पाठवेल?"

"मी नाही म्हणत. आलेख म्हणतोय."

"मग आलेखालाच वाढ उद्यापासून."

टिल्लीने विचारलं, "आलेख काका आपल्याकडे येणार?" त्यावर दोघांनाही हसू आलं असतं, एरवी.

दोन दिवसांनी तिने दिराला फोन लावला. इकडचं तिकडचं झालं. जावेला दिवस गेले होते, पाचवा सरत आला होता, त्याची चौकशी झाली. मग तिने शक्य तितक्या मऊ आवाजात विचारलं, "भाऊजी, यंदा मध कमी निघाला का हो? म्हणजे, कुणाकडून घेऊन थोडा मिसळला वगैरे?"

"कमी कशाने निघेल, वहिनी? उलट यंदा दुप्पट. एकाकडून जुनं फिरतं पिंप आणलं ना मध काढायचं. पोळ्याच्या चौकटी आत ठेवायच्या, दांडा फिरवायचा, मध आपोआप खाली. पूर्वीसारखं पोळं हाताने पिळत बसायला नको. आणि त्या पिंपातच चांगला मुरू देतो, निवळतो बघा असा की काच." मग तो थांबला. "थांबा. तुम्ही काय विचारलंत मला?"

तिने सांगायचा प्रयत्न केला. आलेख, ठिपका, माती. सांगता सांगता तिला स्वतःलाच ते पोलिसाच्या बोलण्यासारखं वाटायला लागलं.

"वहिनी," दीर म्हणाला, "तुमच्या त्या यंत्राला म्हणावं, एकदा इकडे ये आणि माशा चावून घे. मग कळेल मध कुणाचा ते." आणि फोन ठेवला.

घरात अबोला शिरला. नवरा भांडला नाही, भांडला असता तर बरं झालं असतं. त्याने भावाची बाजू दुसऱ्या तऱ्हेने घेतली. सकाळी टिल्लीला एकाच्या जागी दोन चमचे मध द्यायला लागला, तोही बायकोसमोर उभं राहून. डब्यात पावाला मध लावून द्यायला लागला. "खा गं पोरी, काकाचा मध आहे. खरा." पुन्हाताई गप्प राहायची. खोटा मध म्हणजे फार तर साखरेचा पाक. पाकाने काय होतंय, असं तिने मनाशी म्हटलं. तिला, जिला गॅस बंद आहे की नाही ते दारातून परत येऊन बघावं लागायचं, तिला त्या बरणीची भीती मात्र वाटली नाही. तिला तिची लाज वाटत होती, आणि लाजेच्या मागे भीती उभी असेल तर ती दिसत नाही.

मग टिल्लीचं पोट दुखायला लागलं.

आधी थोडं, खेळता खेळता बसून घ्यायची तेवढं. मग शी होईना. मग जेवायला नको, आणि रडायला काहीही कारण पुरेसं. भोंग्यासारखा आवाज किरकिरा झाला. पुन्हाताईच्या जिवाला घोर लागला. रात्री-अपरात्री उठून ती लेकीच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत राही, मग तिच्या लक्षात येई की आपला हात आईसारखा कपाळावरही जाऊन आलाय. तिने पाणी उकळलं, भांडी बदलली, खेळण्यातली एक रंगीत माळ फेकून दिली. बरणी शेल्फावर होती तिथेच होती.

मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून बघितलं. खालच्या पापण्या ओढून बघितल्या. "जरा फिकी वाटते. घरातला रंग जुना आहे का? पोपडे निघतात, मुलं तोंडात घालतात."

"नाही, गेल्याच वर्षी दिलाय."

"खाण्यात नवीन काही?"

"काही नाही," नवरा म्हणाला. "मध खाते रोज. घरचा आहे, माझ्या भावाचा."

त्याने 'घरचा' हा शब्द जरा जोरात म्हटला. पुन्हाताईच्या तोंडाशी आलं होतं, घरचा नाहीये तो. पण दवाखान्यात, परक्या बाईसमोर, तेच भांडण परत? तिने ओठ मिटून घेतले.

"घरचा मध चांगलाच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे औषध द्या, बघू काय म्हणते. नाहीच उतरलं तर रक्त तपासू."

त्या आठवड्यात प्रयोगशाळेत एक मध भरणारा व्यापारी भांडायला आला. त्याचा माल बाहेरचा ठरला होता, त्याला मान्य नव्हतं. मोठ्या बाईंनी पुन्हाताईला बोलावलं. "नुसतं नाही म्हणून चालणार नाही. का नाही, ते दाखव त्याला."

असं दाखवायचं असेल तेव्हा दुसरा आलेख काढायचा असे. पहिला आलेख सांगतो ठिपका कुठे आहे. दुसरा सांगतो, त्याला तिथे कुणी ढकललं. त्यात प्रत्येक धातूचा एक बाण असतो. ज्या धातूने ठिपक्याला ओढून नेलं त्याचा बाण त्या ठिपक्याच्या दिशेने जातो. ग्राहकाचा माल अडवायचा असेल तरच हा आलेख निघायचा. पाहुण्यांसाठी तो कधी कुणी काढला नव्हता. पैज तर पहिल्यावरच लागून संपायची.

तिने तो काढला. व्यापाऱ्याचा ठिपका सोडियमच्या बाणावर बसला होता, सरळ प्रकरण होतं. ती पडदा बंद करणार होती, तेवढ्यात तिला पानाच्या टोकाचा एकटा ठिपका दिसला. व्यापाऱ्याचा माल त्याच दिवशीच्या तबकात होता, आणि पाहुण्याला त्या आकड्यांतून कुणी काढलंच नव्हतं.

त्याच्याकडे दोन बाण जात होते. अगदी जोडीने, एकमेकांना चिकटून. बाकीचे सगळे धातू, ती माती, ते स्ट्रॉन्शियम आणि रुबिडियम, त्यांना या ठिपक्याबद्दल काहीच तक्रार नव्हती. फक्त दोन बाण. तिने वाकून त्यांच्या टोकांवरची नावं वाचली.

शिसं. कथील.

सवयीने तिचं तोंड उघडलं, पण पुन्हा हा शब्द बाहेर पडला नाही. पोट दुखतंय, शी होत नाही, फिकी दिसते. जुना रंग आहे का, पोपडे आहेत का. डॉक्टरीणबाई कशाचा माग काढत होत्या ते तिला आत्ता कळलं. शिसं. तिने आठवडेच्या आठवडे फक्त एकच प्रश्न विचारला होता, हा मध कुठला? ठिपका कुठे आहे ते बघितलं होतं, तिथे तो कशामुळे गेला ते बघितलंच नव्हतं.

ती भट्टीवाल्याच्या खोलीत गेली तेव्हा तो सँडविच खात होता.

"त्या माझ्या पाहुण्याचा शिशाचा आकडा हवाय. मूळचा."

मूळचा म्हणजे तिच्या हातात पडायच्या आधीचा. तिच्याकडे आकडे यायचे ते एका उंचीवर आणलेले. नाही तर पोटॅशियमच्या डोंगरापुढे शिशाचा कण दिसलाच नसता. पण उंची सारखी केली की खरं प्रमाण किती होतं ते झाकलं जायचं. भट्टीवाल्याने बोटं पुसली आणि पडद्यावर शोधायला लागला. बोट एका ओळीवर थांबलं. ओळ लाल होती.

"मर्यादेच्या वर आहे," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, "बराच वर आहे, ताई."

"त्या दिवशी लाल नव्हता?"

"असणारच." त्याने तिच्याकडे बघितलं नाही. "पाहुण्याचे लाल मी बघत नाही हो. पाहुण्याचा अहवालच जात नाही ना कुणाला."

"पुन्हा एकदा लावा."

तो हसला नाही. तिचं बोलणं संपायच्या आत त्याने कपाटातून उरलेली बाटली काढली होती.

तोवर तिने बालवाडीच्या बाईंना फोन लावला. "टिल्लीचा डबा तिला खाऊ देऊ नका. मी सांगते मग कारण, आधी डबा काढून घ्या."

"अहो, मधली सुट्टी तर झाली," बाई कौतुकाने म्हणाल्या. "आणि तुम्ही काळजी करू नका, आज शहाण्यासारखी वागली. रोज टाकते थोडं, आज डब्याचं झाकणसुद्धा चाटून खाल्लं."

समोर पडद्यावर तो ठिपका होताच. हाताला काहीतरी काम हवं म्हणून तिने यादीतून ते दोन धातू काढून टाकले आणि गणित परत चालवलं. ठिपका सरकला. पानाच्या टोकावरून निघून, सगळं पान ओलांडून, डोंगराच्या पुंजक्यात गेला आणि अगदी मधोमध बसला. भट्टीवाला म्हणाला होता तसाच.

मध खरा होता. दिराच्या पेट्यांतला, दिराच्या डोंगरातला. कधी बाहेरचा नव्हताच.

आणि शिसं-कथील ही जोडी तिच्या ओळखीची होती. एकदा प्रयोगशाळेतल्या पाण्याच्या नळीचा सांधा कुणीतरी त्यांचाच रस ओतून झाळला होता, तेव्हा महिनाभर साध्या पाण्यातही हीच दोघं हातात हात घालून येत होती. झाळकाम. पिंप. जुनं फिरतं पिंप, त्यातच चांगला मुरू देतो. मध आंबट असतो, जिभेला कळत नाही इतकंच. तो त्या सांध्यांवर निवांत बसून राहिला असणार, काच होईपर्यंत.

तेवढ्यात दुसरी गोष्ट तिच्या मनात आली आणि ती पर्स घेऊन जिन्याकडे धावली.

खाली टायरच्या दुकानासमोर बसची वाट बघत तिने दिराला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा. शेवटी जावेने घेतला.

"ताई, ते नाही बोलणार. अजून फुगून बसलेत."

"त्यांना राहू दे. तू मध खातेस का?"

"हो की. सासूबाई देतात ना रोज दुधातून, चांगला वाटीभर. बाळाचा रंग उजळतो म्हणतात." जाऊ हसली. "तुमच्या यंत्राला सांगू नका हं, ते म्हणेल बाळ बाहेरचं आहे."

मागून टायरमध्ये हवा भरल्याचा फसफस आवाज येत होता. पुन्हाताईला आपला आवाज त्यातून शोधून काढावा लागला.

"नीट ऐक. आत्ता, या घटकेपासून, कुणीही तो मध तोंडात घालायचा नाही. तू नाही, सासूबाई नाहीत, कुणीच नाही. भाऊजींना फोन दे."

"ताई, काय झालं?"

"दे आधी."

बऱ्याच वेळाने दिराचा आवाज आला, कोरडा. "बोला."

"भाऊजी, त्या पिंपाच्या आत सांधे कसे आहेत? झाळलेले आहेत का? राखाडी, मऊ, नखाने ओरखडा उठेल असे?"

"आहेत. जुनं काम आहे ते. का?"

तिने सांगितलं. या वेळी आलेख सांगितला नाही, ठिपका सांगितला नाही. पिंपाच्या सांध्यातून मधात शिसं उतरलंय एवढंच सांगितलं, आणि मधातून ते काढून बघितलं तर मध डोंगरातलाच निघतो.

मग दिराने विचारलं, "म्हणजे मध माझाच आहे ना, वहिनी?"

"हो भाऊजी. तुमचाच आहे."

"मी म्हणत होतो ना." आवाजात लहान पोराचा आनंद होता. "मी म्हणत होतो तुम्हाला."

बस आली, थांबली, गेली. फोनमधून फक्त त्याचा श्वास येत होता, आणि तो श्वास बदलत गेलेला तिला ऐकू आला.

"वहिनी," तो म्हणाला. "ही रोज पिते हो."

टिल्लीचं रक्त काढलं तेव्हा नवऱ्याने तिला मांडीवर धरलं होतं. सुई बघून ती किंचाळली, मग बापाच्या शर्टात तोंड खुपसून म्हणाली, "मी डबा संपवला होता ना?" नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पुन्हाताईने बघितलं नाही. रस्त्यात तो एकदाच बोलला, "दोन चमचे मी दिले." तिने त्याचा हात घट्ट धरला, कारण दवाखान्यात ओठ मिटून कोण बसलं होतं ते तिला माहीत होतं.

निकाल येईपर्यंतचे दिवस कसे गेले ते सांगण्यासारखे नाहीत. ती ऑफिसला जात होती. पाहुण्याच्या उरलेल्या मधातही शिसं तितकंच निघालं होतं. गेल्या वर्षीच्या मधाची एक बाटली माळ्यावर राहिली होती, हाताने पिळलेल्या मधाची. ती तिने तपासायला लावली, एकदा, पुन्हा, पुन्हा. स्वच्छ होती. म्हणजे विष याच हंगामाचं, टिल्लीच्या पोटात गेलं ते काही महिनेच. या 'काही'वर तिने जीव टांगून ठेवला.

डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला. "औषधं देऊन काढावं लागेल इतकं नाहीये. पण असायला नको तेवढं आहे. आता मध बंद आहे, लोह वाढवू, रक्तातलं हळूहळू उतरेल. तीन महिन्यांनी पुन्हा बघू."

"पण तिच्या डोक्यावर? पुढे शिकण्यावर वगैरे?"

"एवढ्या प्रमाणात बऱ्याच मुलांना काही जाणवतही नाही. काहींना थोडं मागे पडायला होतं. खूप मुलं घेतली तर सांगता येतं." त्यांनी कागद खाली ठेवला. "एकाच मुलाचं नाही सांगता येत."

पुन्हाताईने मान हलवली. हेच वाक्य ती गेली कित्येक वर्षं ग्राहकांना सांगत आली होती. पुंजक्याबद्दल काय हवं ते विचारा, एकट्या ठिपक्याबद्दल खात्री मागू नका. समोरची माणसं ते ऐकून अशी का बघतात, याचं तिला तेव्हा नवल वाटायचं.

जावेचा आकडा टिल्लीपेक्षा जास्त आला. तिकडच्या डॉक्टरांनी तिला दर महिन्याला बोलावलंय. दिराने त्या पिंपाचे घणाने तुकडे केले, आणि ते तुकडेही कुठे टाकावेत हे विचारायला वहिनीला फोन केला. आता तो आठवड्यातून एकदा तरी करतोच. बाळ लाथा मारतं, असं तो सांगतो, आणि मग थोडं थांबून विचारतो, "हे चांगलं ना, वहिनी?" तिला उत्तर माहीत नसतं. "चांगलं," ती म्हणते. दिवस भरायला अजून अवकाश आहे.

प्रयोगशाळेत शेवटची खाच काही काळ रिकामीच गेली. मग एका सकाळी भट्टीवाल्याने त्यात आपल्या घरचा मध ठेवला आणि कुणाला न विचारता दोन्ही आलेख काढले. पैज लागली नाही.

परवा दिराकडून एक छोटी बाटली आली. फडक्यातून हाताने पिळलेला, काचेच्या बरणीत निवळलेला मध. चिठ्ठी नव्हती, पण फोनवर तो म्हणाला होता, "लावा यंत्राला. पुन्हा लावा, कितीदाही लावा, मला राग नाही." तिने लावला. भट्टीवाल्याने लाल ओळी शोधल्या, एकही नव्हती. ठिपका डोंगराच्या मधोमध पडला. तिने मूळचे आकडे बघितले, बाण बघितले, दुसऱ्या दिवशी नव्याने विरघळवून परत सगळं बघितलं.

आज सकाळी टिल्लीने शेल्फावरची बाटली ओळखली. पोट आता दुखत नाही, आवाजातला भोंगा परत आलाय. "काकाचा मध!" असं ओरडून ती खुर्चीवर चढली आणि तोंड उघडून बसली. नवऱ्याने बायकोकडे बघितलं आणि चमचा तिच्या हातात दिला.

तिने चमचा भरला. आधी स्वतः चाटला, सगळा. मग दुसऱ्यांदा भरला. मध चमच्याच्या कडेवरून लांबत चालला, सोनेरी, स्वच्छ, आरपार दिसणारा. तो गेल्या वेळीही असाच दिसत होता.

"आई," टिल्ली तोंड न मिटता म्हणाली, "दे ना."

तिने चमचा पुढे नेला, आणि दुसरा हात लेकीच्या कपाळावर ठेवला.